जहाजावरच्या सेमिस्टरची तयारी: आधी पासपोर्ट, बॅग सगळ्यात शेवटी

‘सेमिस्टर अॅट सी’ला, म्हणजे जहाजावर राहून शिकत देशोदेशी फिरण्याच्या सत्राला, जायचं ठरवलेली मुलं सगळ्यात आधी विचारतात, “बोट लागते का हो?” आई-वडील विचारतात, “सुरक्षित आहे ना?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे. पण फेरी हुकते ती या दोन कारणांनी सहसा नाही. हुकते ती कागदपत्रांमुळे. हातात भारतीय पासपोर्ट असेल तर तयारीचा सगळ्यात मोठा वाटा व्हिसांचाच आहे, असं धरून चाला. म्हणून या लेखातही सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे. कपडे, चप्पल, चार्जर हे शेवटच्या आठवड्यातही जमतं.

हे नेमकं आहे काय

जहाजालाच कॉलेज करायची कल्पना जुनी आहे. १९२६ साली न्यू यॉर्कजवळच्या होबोकन बंदरातून ‘रिंडॅम’ नावाचं जहाज सुमारे पाचशे विद्यार्थी घेऊन जगप्रदक्षिणेला निघालं होतं. आजचा कार्यक्रम १९६३मध्ये सुरू झालेल्या परंपरेतला. आता तो ‘वर्ल्ड ओडिसी’ या जहाजावर चालतो. १९९८ साली जर्मनीत बांधलेलं हे प्रवासी जहाज, मूळ नाव ‘डॉइचलँड’. २०१५पासून ते या मुलांना घेऊन फिरतंय. २०१६पासून अभ्यासक्रमाची जबाबदारी कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीकडे आहे, म्हणजे मार्कलिस्ट त्या विद्यापीठाची मिळते.

वर्षात दोन मुख्य फेऱ्या: एक जानेवारी ते एप्रिल, दुसरी सप्टेंबर ते डिसेंबर. प्रत्येक फेरी शंभर दिवसांच्या आसपास, वाटेत दहाएक देश. अलीकडच्या बऱ्याच फेऱ्या युरोपातलं एखादं बंदर आणि बँकॉक यांच्या दरम्यान होतात, कधी या दिशेने, कधी त्या. मार्गात मोरोक्को, घाना, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, भारत, व्हिएतनाम असे देश येतात. भारतातला थांबा बहुधा कोचीला असतो. मार्ग दर फेरीला बदलतो, जगातल्या घडामोडींमुळे ऐन वेळीही बदलतो. त्यामुळे एखाद्याच देशावर जीव जडवून पैसे भरू नका.

समुद्रात असताना रोज वर्ग, बंदरात असताना वर्ग बंद. वर्गाचे दिवस ‘ए’ आणि ‘बी’ असे आलटून पालटून येतात. भर समुद्रात शनिवार-रविवार अशी गोष्टच उरत नाही. रविवारी सकाळी आठला लेक्चर असेल तर असेल. पर्यटनाचं जहाज समजून येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात हबकतात. बारा ते पंधरा क्रेडिट्स म्हणजे पूर्ण सेमिस्टरचा अभ्यास आहे, फक्त खिडकीबाहेर इमारतीऐवजी समुद्र.

एक फरक लक्षात घ्या. अमेरिकेतल्या वुड्स होलची ‘सी एज्युकेशन असोसिएशन’ ही संस्थाही समुद्रावर शिकवते, पण शिडाच्या जहाजांवर. तिथे विद्यार्थी स्वतः शिडं ओढतात, रात्रीचे पहारे देतात, पाण्याचे नमुने घेतात. समुद्रविज्ञानाची खरी ओढ असेल तर ते बघा. हा लेख मोठ्या जहाजावरच्या, अनेक देशांच्या कार्यक्रमाबद्दल आहे.

पहिली पायरी: कॉलेजकडून लेखी घ्या

अर्ज करण्याआधी आपल्या विभागात जा आणि विचारा की जहाजावरचे कोणते विषय आपल्या पदवीत धरले जातील. तोंडी ‘हो, होईल’ उपयोगाचं नाही. विषयांची नावं लिहिलेला ईमेल हातात हवा. अमेरिकेतल्या कॉलेजात शिकणाऱ्यांना हे तुलनेने सोपं जातं, तिथे परदेशी सत्रासाठी वेगळं कार्यालयच असतं. भारतातल्या विद्यापीठात शिकत असाल तर क्रेडिट मिळेलच असं धरू नका. सत्र बुडालं, हजेरी बुडाली, परीक्षेचा फॉर्म राहिला, असं व्हायला नको. काही जण यासाठी एक सत्र रीतसर रजा घेतात. तेही चालतं, पण आधी ठरवून.

विषय निवडताना त्याच्या ‘फील्ड क्लास’ची तारीख बघा. प्रत्येक विषयाचा एक पूर्ण दिवस कुठल्यातरी बंदरात बाहेर शिकण्याचा असतो, तो चुकवला तर गुणांना मोठा फटका बसतो. म्हणजे केप टाउनच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फील्ड क्लास असेल तर त्या बंदरात तीन दिवसांची सफारी ठरवताच येत नाही. मुलं आधी सहल ठरवतात आणि मग वेळापत्रक बघतात. उलट करा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी हा परिच्छेद दोनदा वाचण्यासारखा आहे. तुम्ही जवळजवळ चार महिने अमेरिकेबाहेर असणार. त्या काळात तुमची नोंदणी कशी दाखवली जाईल, सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदींमध्ये, काय लिहिलं जाईल, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याशी बसून ठरवा. आय-२०वर, म्हणजे कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या दाखल्यावर, प्रवासाची ताजी सही घ्या. पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा परतीच्या तारखेला चालू असेल का ते तपासा. तो मध्येच संपत असेल, तर फेरी संपल्यावर थेट अमेरिकेत परतता येणार नाही. आधी नवा व्हिसा काढायला बहुधा भारतात यावं लागेल, आणि मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत पुढचं सत्र सुरू झालेलं असेल. हे सगळं पैसे भरण्याआधी बघायचं.

दुसरी पायरी: व्हिसांचं वेळापत्रक

जहाजावरच्या अमेरिकन मुलांना मार्गातल्या बऱ्याच देशांत व्हिसा लागत नाही. त्यामुळे बाकीच्यांची तयारी बघून तुम्ही निवांत राहिलात तर घात होईल. त्यांची यादी तुमच्या उपयोगाची नाही, तुमची वेगळी करावी लागते. ‘त्या देशात मी उतरणारच नाही’ हा मार्गही धरू नका. सगळे व्हिसा हातात नसतील तर पहिल्या बंदरातच चढू न देण्याचा अधिकार कार्यक्रमाकडे असतो.

एक मोठा कागद घ्या. डावीकडे देश, जहाज ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने. पुढे चार रकाने: व्हिसा लागतो का, ऑनलाइन की पासपोर्ट द्यावा लागतो, किती दिवस लागतात, किती वेळा प्रवेश हवा. हा कागद भरला की अर्धी चिंता संपते, कारण खरी अडचण डोळ्यांसमोर येते: पासपोर्ट एकच आहे आणि एका वेळी तो एकाच दूतावासात असू शकतो. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी, दिला की तो परत येईपर्यंत दक्षिण आफ्रिकेला देता येत नाही, तो आल्यावर मग घाना. म्हणून ज्याला जास्त दिवस लागतात त्याला आधी द्या, आणि पासपोर्ट तिकडे अडकलेला असताना ऑनलाइन मिळणारे व्हिसा उरका, कारण त्यांना फक्त स्कॅन लागतो. पासपोर्टच्या सगळ्या पानांचा स्वच्छ स्कॅन आधीच काढून ठेवा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, त्याहून आधी नाही. सहा महिन्यांची तारीख उघडली की लगेच अपॉइंटमेंट घ्या. तुम्ही जिथे कायदेशीरपणे राहता तिथूनच अर्ज करायचा असतो. पुण्यात शिकत असाल तर भारतातून, ओहायोत शिकत असाल तर अमेरिकेतून. आणि प्रवेश ‘मल्टिपल’ मागा. स्पेनहून मोरोक्को आणि तिथून पुन्हा युरोपातलं एखादं बंदर असा मार्ग असेल, तर मोरोक्कोत शिरताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलेले असता. एकच प्रवेश असेल तर तो तिथे संपला. अर्जासोबत जहाजाचा पूर्ण मार्ग आणि कार्यक्रमाचं पत्र जोडलं की हे अधिकाऱ्यालाही स्पष्ट होतं.

व्हिएतनामचा ई-व्हिसा आता सगळ्या देशांच्या नागरिकांना मिळतो. पण अर्जात प्रवेशाचं ठिकाण विचारतात. सवयीने विमानतळ निवडू नका, तुमचं जहाज जिथे लागणार ते बंदर निवडा. मॉरिशसला भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही. हाँगकाँगसाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. हे नियम बदलत असतात, म्हणून आमच्यासारख्यांच्या लेखावर विसंबू नका. त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्जाच्या दिवशी पुन्हा बघा.

पासपोर्ट फेरी संपल्यानंतरही किमान सहा महिने चालू हवा आणि त्यात भरपूर कोरी पानं हवीत. पानं कमी असतील तर आधी पासपोर्ट नवा करा आणि मगच पहिला व्हिसा काढा. ई-व्हिसा पासपोर्ट क्रमांकाला जोडलेला असतो, मध्येच क्रमांक बदलला तर तो बाद होतो.

आता आपल्याकडची खास अडचण. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतात, खालच्या ओळीत आडनाव. कॉलेजच्या कागदांवर मात्र नुसतं नाव आणि आडनाव, किंवा वडिलांचं नाव ‘मिडल नेम’मध्ये. कार्यक्रमाचा अर्ज, विमानाचं तिकीट, प्रत्येक व्हिसा, पिवळ्या तापाचं कार्ड, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. ‘सायली विनायक’ असेल तर दोन्ही शब्द ‘गिव्हन नेम’मध्येच जातील. कंटाळवाणं काम आहे, पण एका बंदरात एक अधिकारी दोन कागद शेजारी ठेवून बघत बसला की त्याची किंमत कळते.

अमेरिकन पासपोर्ट असलेल्या आपल्या मुलांनी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड बरोबर घ्यायचं. कोचीला व्हिसा लागणार नाही. पण कार्ड न्यू जर्सीतल्या घरी कपाटात असेल तर काही उपयोग नाही.

तिसरी पायरी: लसी आणि औषधं

घानासारख्या देशात शिरायला पिवळ्या तापाची लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतंच. आणि अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे ते नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवतात, मग तो भारतीय का असेना. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे मिळते, पण तिथे ठरावीक वार आणि वेळ असते, आधी चौकशी करून जा. कार्ड लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. अंड्याची गंभीर अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

हिवतापाच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे: ‘आपण भारतातले, आपल्याला काय होतंय.’ तसं नाही. पश्चिम आफ्रिकेतला हिवताप जीवघेणा असतो आणि लहानपणी सांगलीत डास चावल्याने त्यापासून संरक्षण मिळत नाही. कुठली गोळी, किती दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर किती दिवस चालू ठेवायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं. काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर घ्याव्या लागतात, डॉक्सिसायक्लीन चार आठवडे. शेवटच्या गोळ्या मुलं हमखास विसरतात, कारण तोवर जहाज पुढच्या देशात असतं.

रोजची औषधं पूर्ण फेरीची आणि वर दोन-तीन आठवड्यांची जास्त घ्या. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपली ब्रँडची नावं बाहेर कोणी ओळखत नाही. एका देशात साधं असलेलं औषध दुसरीकडे बेकायदा असू शकतं. एकाग्रतेसाठी दिलं जाणारं अॅडरॉल जपानमध्ये चिठ्ठी असली तरी चालत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर घरीच ठेवा.

आणि आईने किंवा आजीने दिलेल्या पुड्या. सुंठ, हिंग्वाष्टक, काढ्याची भुकटी, सगळं कागदाच्या पुडीत, वर काही लिहिलेलं नाही. कस्टम्सच्या टेबलावर ती नुसती निनावी पावडर असते. न्यायचीच असेल तर कंपनीचं सीलबंद, छापील लेबलचं पाकीट न्या. डिंकाचे लाडू देताना घरी विचारा की त्यात खसखस घातली आहे का. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे आणि दुबईचं बंदर मार्गात असेल किंवा विमान तिथून बदलायचं असेल, तर ते लाडू घरीच खाऊन जा.

पैशांबद्दल थोडक्यात

भाडं खोलीच्या प्रकारावर ठरतं. खिडकी नसलेली, तिघांत वाटलेली आतली खोली सगळ्यात स्वस्त. माझ्या मते तीच घ्यावी. खोलीत तुम्ही झोपायलाच जाता, बाकी दिवस वर्गात, जेवणघरात आणि डेकवर जातो. भाड्यात शिक्षण, राहणं, जेवण येतं. पहिल्या बंदरापर्यंतचं आणि शेवटच्या बंदरातून परतीचं विमान, व्हिसा, लसी, बंदरांतला खर्च हे वेगळं, आणि ती रक्कम लहान नसते. शिष्यवृत्त्या आहेत, त्यांचा अर्ज मुख्य अर्जासोबतच करा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं घ्या, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि परदेशी व्यवहार चालू आहेत ना ते घरूनच तपासा. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार असेल तर भर समुद्रात तो येणार नाही, हेही लक्षात असू द्या.

चौथी पायरी: बॅग

कडक मोठी सूटकेस नको. जोडीदारांसोबतच्या लहान खोलीत ती ठेवायची कुठे हा प्रश्न रोज पडतो. मऊ, घडी होणारी बॅग पलंगाखाली जाते. बरोबर चार-पाच दिवस पुरेल अशी पाठीवरची सॅक हवीच, कारण बंदरात बाहेर फिरताना तीच तुमचं घर असते.

खोलीच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून चुंबकाचे हूक न्या. ओले टॉवेल, टोपी, ओळखपत्र, वेळापत्रक, सगळं भिंतीवर जातं. जहाजावर कपडे धुवायला दिले तर पिशवीप्रमाणे पैसे पडतात. पातळ, लवकर वाळणारे कपडे आणि एक दोरी असली की न्हाणीघरात काम होतं. मोरोक्कोतल्या मशिदी, आशियातली मंदिरं यांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेतच. आपल्याकडचे कुर्ते इथे फार कामाला येतात. फेरीच्या शेवटी एक औपचारिक समारंभ असतो, त्यासाठी एक साडी किंवा एक चांगला झब्बा ठेवा. थंडीचं एक जाकीट विसरू नका, फेरी दोन्ही गोलार्धांत फिरते आणि वर्गातला एसी वेगळाच.

काय नेऊ नये? इस्त्री, केटल, इंडक्शन, एक्स्टेन्शन बोर्ड. मॅगी करायला केटल नेणारे पहिल्याच तपासणीत ती गमावतात. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून उघडी ज्योत कुठेही चालत नाही. गणपतीची लहान मूर्ती खुशाल न्या, पण उदबत्ती, निरांजन, कापूर नको. सप्टेंबरच्या फेरीत दिवाळी जहाजावरच येते. बॅटरीवरच्या पणत्या घेऊन जा, तुमच्यामुळे आख्खा मजला दिवाळी करेल.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण पास्ता आणि बटाटे यांचा कंटाळा येतो. सीलबंद पाकिटातली शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणच्याच्या छोट्या पुड्या न्या. फक्त खाण्याच्या वस्तू जहाजावरून बंदरात घेऊन उतरू नका. फळं, बिया, घरचं अन्न याबद्दल अनेक देशांचे नियम कडक आहेत आणि दंड तुमच्या नावाने होतो.

अभ्यासाची पुस्तकं, नकाशे, भाषांतराचं अॅप, सगळं जमिनीवर असतानाच डाउनलोड करा. जहाजावर इंटरनेट उपग्रहावरून येतं. त्यावर सिनेमे बघायची अपेक्षा ठेवू नका.

पहिले दिवस आणि बोट लागणं

जहाज सुटण्याच्या सुमारास सगळ्यांची कवायत होते. भोंग्याचे सात छोटे आवाज आणि मग एक लांब, हा आंतरराष्ट्रीय इशारा आहे. तो ऐकला की लाइफ जॅकेट घ्यायचं आणि आपल्या ठरलेल्या जागी जायचं. लिफ्ट वापरायची नाही. जॅकेटचे पट्टे पहिल्यांदा नीट बांधले जात नाहीत, शेजारचा खलाशी येऊन ओढून घट्ट करतो, शिटी आणि दिवा कुठे आहे ते बोट लावून दाखवतो. तेव्हा फोटो काढत बसू नका. खोलीपासून त्या जागेपर्यंतचा जिना त्याच संध्याकाळी एकदा, दिवे नाहीत असं समजून चालून बघा.

बोट लागते. बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवस थोडी, काहींना जास्त. मॉरिशस ते केप टाउन हा टप्पा विशेष हलवतो, कारण तिथे अगुल्हास प्रवाह दक्षिणेकडे धावतो आणि समोरून नैऋत्येचे वारे येतात, त्यामुळे लाटा उंच आणि उभ्या होतात. त्रास सुरू होण्याआधी गोळी घेतली तर उपयोग होतो, उलट्या सुरू झाल्यावर नाही. आपली अव्होमिन चालते पण झोप येते, म्हणून सकाळी वर्ग असेल तर डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आल्याचा तुकडा. लॅपटॉप बंद करून उघड्या डेकवर या आणि क्षितिजाकडे बघा. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर डोलणं कमी असतं, आणि स्वस्त आतल्या खोल्या बऱ्याचदा तिथेच असतात.

विषुववृत्त ओलांडताना ‘नेपच्यून डे’ साजरा होतो. बरीच मुलं-मुली त्या दिवशी डोकं भादरून घेतात. सक्ती नसते. मुलींनी करायचं ठरवलं तर घरी आधी कळवा, आपल्याकडे टकलाचा फोटो अचानक आला की घाबरगुंडी उडते.

पाचवी पायरी: बंदरात वागायचं कसं

जहाज धक्क्याला लागलं म्हणजे उतरता आलं असं नाही. स्थानिक अधिकारी चढतात, कागद तपासतात, कधी कधी प्रत्येकाचा चेहरा पासपोर्टशी ताडून बघतात. दोन तास लागतील, चार लागतील. केप टाउनला जोराचा आग्नेय वारा सुटला तर बंदरच बंद ठेवतात आणि जहाज बाहेर ताटकळत राहतं. म्हणून पोहोचण्याच्या दिवशीचं विमान किंवा रेल्वेचं तिकीट काढू नका. बंदराच्या आदल्या रात्री सगळ्यांची एक सभा होते, त्यात त्या शहरातले धोके, चलन, परतीची वेळ सांगतात. झोप आली तरी जा.

परतीची वेळ म्हणजे ‘ऑन-शिप टाइम’. जहाज सुटण्याच्या काही तास आधीची ही वेळ असते आणि ती पाळायचीच. उशीर झाला तर पुढच्या बंदरात सगळे उतरतात आणि तुम्ही शिक्षा म्हणून जहाजावर बसून राहता. जहाजच चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने पोहोचायचं, तेही तिथे विमानाने शिरायला तुमचा व्हिसा चालत असेल तर. भारतीय पासपोर्टवाल्यांना ही चूक अमेरिकन मित्रांपेक्षा कितीतरी महाग पडते. माझा सल्ला: शेवटचा दिवस बंदराच्या शहरातच घालवा. लांबचं आधी बघा, जवळचं शेवटी.

पासपोर्ट बहुतेक वेळ जहाजाच्या ताब्यात असतो. बाहेर फिरताना त्याची रंगीत प्रत, व्हिसाची प्रत, जहाजाच्या स्थानिक एजंटचा नंबर आणि धक्क्याचं नाव स्थानिक भाषेत लिहिलेला कागद खिशात ठेवा. मोठ्या बंदरात धक्के मैलोन्‌मैल पसरलेले असतात, टॅक्सीवाल्याला नुसतं ‘पोर्ट’ सांगून भागत नाही.

कोचीबद्दल वेगळं सांगायला हवं. मोह होतो की पाच दिवस आहेत, घरी जाऊन येऊ. विमानाने मुंबई दोन तासांवर आहे, कोकण रेल्वेने साधारण एक दिवस. फील्ड क्लास नसेल आणि विमानाची तिकिटं असतील तर जमतं, रेल्वेने नाही. त्यापेक्षा घरच्यांनाच कोचीला बोलवा. ते जहाजावर येऊ शकतील असं मात्र धरू नका, बंदरात शिरायला परवाने लागतात. भेट बाहेरच ठरवा. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी पायी फिरण्यासारखे आहेत. मट्टनचेरीत गोव्याहून आलेल्या कोंकणी गौड सारस्वतांची जुनी वस्ती आणि तिरुमल देवस्वम मंदिर आहे, तिथे कानावर पडणारी कोंकणी ऐकून आई-वडिलांनाही बरं वाटेल. जहाजावरचे मित्र तुम्हाला भारताचे तज्ज्ञ समजून शंभर प्रश्न विचारतील. केरळ तुम्हालाही नवीन असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि त्यांच्याबरोबर शिका.

आई-वडिलांसाठी

समुद्राची भीती समजण्यासारखी आहे. जानेवारी २००५मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये या कार्यक्रमाच्या तेव्हाच्या ‘एक्सप्लोरर’ जहाजावर सुमारे ५० फुटांची लाट आदळली, कप्तानाच्या कक्षाच्या काचा फुटल्या, इंजिनं बंद पडली. जहाज होनोलुलूला नेलं गेलं आणि कोणाचा जीव गेला नाही. पण मार्च १९९६मध्ये भारतात, दिल्लीहून आग्र्याकडे जाणाऱ्या बसला रात्री अपघात झाला आणि या कार्यक्रमाचे चार विद्यार्थी दगावले. मुलांना घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. धोका कुठे आहे ते ओळखावं म्हणून लिहितो आहे. तो डेकपेक्षा रस्त्यावर जास्त आहे. रात्रीचा लांबचा रस्ताप्रवास नको, भाड्याची दुचाकी नको, मग ती व्हिएतनाममध्ये कितीही स्वस्त मिळो. गाडीत सीटबेल्ट नसेल तर दुसरी गाडी. पोहायला जाताना स्थानिकांना प्रवाहाबद्दल विचारा. मुलाकडून याच चार गोष्टींचा शब्द घ्या, शंभर सूचना देऊ नका.

घरी एक फाइल ठेवा: पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या प्रती, जहाजाचा मार्ग, कार्यक्रमाचा आपत्कालीन नंबर, मुलाच्या औषधांची यादी. विमा घेताना त्यात आजारी माणसाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे नीट वाचा. घड्याळाचंही ठरवून घ्या. जहाजावर दर काही दिवसांनी तास पुढे-मागे होतो, त्यामुळे ‘रोज रात्री नऊला फोन’ हे चालणार नाही. बंदरात पोहोचल्यावर एक निरोप आणि बंदर सोडण्याआधी जहाजावर चढल्याचा एक निरोप, एवढं नक्की करा. मधल्या समुद्राच्या दिवसांत निरोप गेला नाही, व्हॉट्सअॅपवरच्या दोन टिका निळ्या झाल्या नाहीत, तर जहाज कुठे आहे ते मार्गाच्या कागदावर बघा आणि पुढच्या बंदराच्या तारखेपर्यंत थांबा.